शेंगदाणा कुठे ठेवायचा

माझं इंग्रजी सपाट आहे हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी त्याच सपाट इंग्रजीत एम.ए. झाले होते, कॉलेजात नोकरीला लागले होते आणि मुलांच्या चुका लाल पेनाने काढत होते. लासूर स्टेशनच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणारे गुरुजी प्रत्येक शब्द परातीत भाकरी थापावी तसा कडेपर्यंत सारखा थापून द्यायचे. त्यात त्यांचा दोष नव्हता. मराठीत कुठल्याही अक्षरावर फार जोर न देता माणूस आयुष्य काढू शकतो. भांडताना देतो जोर, पण तो अख्ख्या वाक्यावर.

कॉलेजने मला चार महिन्यांच्या प्रशिक्षणाला हैदराबादला पाठवलं. तिथे पहिल्याच दिवशी आमचं बोलणं टेपरेकॉर्डरवर घेऊन आम्हालाच ऐकवलं. माझा आवाज ऐकून मला वाटलं, कोणीतरी बाई किराणा मालाची यादी वाचते आहे. आमच्या शिक्षकांनी शांतपणे सांगितलं की इंग्रजी शब्दात एकाच जागी आघात असतो, बाकीचा शब्द त्याच्या आधाराने घाईघाईत उरकायचा असतो, आणि आघात भलतीकडे पडला तर समोरचा गोंधळतो. ‘हॉटेल’ हा शब्द मी जन्मभर चुकीचा म्हणत आले होते. जोर ‘हॉ’वर नव्हता, ‘टेल’वर होता. ‘फोटोग्राफ’मध्ये तो ‘फो’वर, पण ‘फोटोग्राफर’ म्हटलं की सरकून ‘टॉ’वर. मला हे इतकं आवडलं की चार महिने मी जेवतानासुद्धा शब्द पुटपुटत होते.

औरंगाबादला परत आले ती अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन. सहकाऱ्यांना सुधारलं, मुलांना सुधारलं, नवऱ्याला भर औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत ‘टोमॅटो’वरून सुधारलं. त्यानंतर घरात त्याने इंग्रजी शब्द वापरणंच सोडलं. ‘रेडिओ लाव’ म्हणायच्या ऐवजी ‘ते लाव’ म्हणायचा.

शिकवायची माझी एक पद्धत तयार झाली. स्टीलच्या ताटलीत शब्दाचे जितके तुकडे तितके दाणे मांडायचे. बारीक तुकड्याला ज्वारीचा दाणा, आघाताच्या जागी शेंगदाणा. ताटलीकडे बघायचं आणि शब्द म्हणायचा. कॉलेजची मुलं संध्याकाळी घरी यायची, ओसरीवर ताटल्या घेऊन बसायची. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तिथेच बाजूला सुपात ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. “खायच्या वस्तूशी खेळू नाय,” एवढंच त्या एकदा म्हणाल्या, आणि क्लास संपल्यावर सगळे शेंगदाणे गोळा करून चटणीला घेऊन गेल्या.

एका एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजचा शिपाई त्याच्या मेहुण्यांना माझ्याकडे घेऊन आला. चाळिशीचा माणूस, उन्हाने रापलेला, पांढरा पायजमा, शर्ट, डोक्याला टोपी. ते अजिंठ्याच्या बाजूच्या एका खेड्यातले होते आणि वीस वर्षं परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवत होते. घर मेंढपाळाचं, मुलूख निजामाचा. अठ्ठेचाळीस साली पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. त्या गडबडीत गावची उर्दू शाळा बंद पडली, मराठी सुरू होईपर्यंत वर्ष गेलं, आणि तेवढ्यात वडिलांनी त्यांच्या हातात काठी दिली. लेण्यांच्या वरच्या डोंगरावर मेंढरं चारता चारता ते खाली उतरायला लागले. लेण्यात अंधार असतो म्हणून बाहेर उन्हात आरसा धरून चित्रावर उजेड पाडायचं काम असे, ते त्यांना मिळालं. आरसा धरून आत चाललेलं बोलणं ऐकता ऐकता इंग्रजी आलं.

आता मात्र नवा नियम निघाला होता. तोंडी परीक्षा द्यायची, पास झालं तर सरकारी बिल्ला. बिल्ला नसेल त्याने परदेशी पाहुणे घ्यायचे नाहीत. परीक्षा जुलैत होती.

“घरात सात तोंडं हायत बाई,” ते म्हणाले. “आन् मला दुसरं काय येत नाय. मेंढरं तर भावाच्या वाटणीला गेली. मेहुणं म्हनले, बाई विंग्रजी सरळ करून देतात.”

मी त्यांना म्हटलं, “मामा, मी पाहुणी आहे असं समजा. एखादं चित्र सांगा.”

ते बोलायला लागले. व्याकरणाचा पत्ता नव्हता, पण बोलणं धबाधबा येत होतं, डोळे माझ्यावर, दोन्ही हात हवेत. मी मात्र काय सांगतात ते ऐकतच नव्हते. मी आघात ऐकत होते आणि चक्रावले होते. आपल्या लोकांच्या चुका मला पाठ होत्या. आपण सपाट बोलतो. हा माणूस सपाट नव्हता. तो प्रत्येक शब्दावर जोर देत होता, छान देत होता, फक्त भलतीकडे. ‘एलिफंट’ म्हणताना ‘ए’ हलका टाकून ‘फंट’वर सगळं वजन. ‘अ‍ॅनिमल’ म्हणताना ‘मल’ लांबवायचे. ‘कम्पॅशन’ म्हणजे करुणा, लेण्यांत हा शब्द पावलोपावली लागतो, तर त्यात शेवटचा ‘शन’ असा काही उचलायचे की शब्द जिना चढल्यासारखा वाटायचा.

“हे तुम्हाला असं कोणी शिकवलं?” मी विचारलं.

त्यांनी सरळ सांगितलं. “ह्यो एलिफंट एका जर्मन म्हाताऱ्यानं दिला. लई उंच हुता, हत्तीच्या चित्राम्होरं तासभर बसला. ह्यो कम्पॅशन फ्रान्सच्या बाईचा. तिचा नवरा वारला हुता त्या साली.” मग ते सांगतच गेले. प्रत्येक शब्दामागे एक माणूस उभा होता. कोणी दिला, कुठल्या लेण्यात दिला, तेव्हा त्याच्या अंगावर काय होतं. त्यांचं सगळं इंग्रजी असं माणसामाणसाकडून आलेलं होतं आणि ज्याचा शब्द त्याच्याच आवाजात त्यांनी जपून ठेवला होता. जर्मन माणसाचं इंग्रजी जर्मन वळणाचं, फ्रेंच बाईचं फ्रेंच वळणाचं. ते सगळं एका तोंडात नांदत होतं.

आज कोणी मला असं काही सांगितलं तर मी वही घेऊन बसेन. तेव्हा मी म्हणाले, “माणसं विसरा मामा, शब्द धरा.” आणि ताटली पुढे ओढली.

मे महिन्यात परदेशी कोणी फिरकत नाही, त्यामुळे त्यांना वेळ होता. आठवड्यातून दोनदा ते सकाळच्या एसटीने निघायचे, अकराच्या सुमाराला घामाघूम होऊन पोचायचे. आत्याबाई त्यांना आधी गूळ-पाणी द्यायच्या. मग आम्ही बसायचो. त्यांच्याइतका कष्टाळू विद्यार्थी मला पुढे तीस वर्षांत मिळाला नाही. एसटीत ताटली कुठून आणणार, म्हणून ते खिशात खडे ठेवायचे, एक मोठा, बाकी बारके, आणि खिशातल्या खिशात शब्द लावायचे. कंडक्टरला वाटायचं, सुटे पैसे शोधतायत.

एकदा आमचं थोडं वाजलं. चित्रातली एक राजकन्या सांगताना ते ‘प्रिन्सेस’ म्हणाले, जोर शेवटच्या ‘सेस’वर. मी शेंगदाणा उचलून ‘प्रिन’च्या जागी ठेवला.

“पर बाई,” ते संकोचून म्हणाले, “ही तर खुद विलायतच्या बाईनं दिली हुती. लंडनची.”

“लंडनची माणसंही चुकतात,” मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

ते गेल्यावर मी उच्चारांचा शब्दकोश काढला. इंग्लंडातला उच्चार त्यात दिला होता, आणि आघात ‘सेस’वरच होता. मामा बरोबर होते. मी शब्दकोश मिटला, कपाटात ठेवला आणि पुढच्या खेपेला त्यांना काही सांगितलं नाही. मनाची समजूत घातली की अमेरिकेत दुसरीकडे देतात, चालतं. खरं कारण एवढंच होतं की मला त्यांच्यापुढे चुकायचं नव्हतं.

जूनअखेर त्यांचा एकही शब्द चुकत नव्हता. हत्ती सरळ झाला, करुणा सरळ झाली. मला इतका आनंद झाला होता की मी नवऱ्याला बोलावून त्यांची उजळणी ऐकवली. नवरा ऐकून आत गेला आणि मला हळूच म्हणाला, “बोलताना ते खाली का बघतात?” मी म्हटलं, “एकाग्रता.” तो म्हणाला, “आधी तर तुझ्याकडे बघायचे.” त्याला इंग्रजीतलं काय कळतं, असं म्हणून मी विषय संपवला.

परीक्षा झाली त्या दिवशी दुपारी ते तडक आमच्याकडे आले. टोपी हातात होती. मी विचारायच्या आधीच आत्याबाईंनी ओळखलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

“सायेब तिघं हुते,” ते सांगायला लागले. “मला म्हनले, एक चित्र सांगा. म्या सुरू केलं. तर पयलाच मोठा शब्द आला आन् मला शेंगदाणा दिसंना. थांबलो. मनात मांडला, मंग बोललो. फुडला शब्द आला, पुन्ना थांबलो. सायेब म्हनले, चालू द्या. मी ताटलीच शोधत हुतो बाई. मंग सगळंच बंद झालं. अजिबात वाचाच गेली.”

“मग?”

“मंग काय. फुडल्या साली या म्हनले.”

त्यांच्या आधी आणि नंतर गेलेले बाकीचे सगळे पास झाले होते. त्यांना वर्षं, राजवटी, रंग कशाचे, एवढंच विचारलं होतं. आघातांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. “ते सायेब तर आपल्यासारकंच हॉटेल म्हनत हुते,” मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, माहिती होती. मग उठले, मला हात जोडले. “तुमी लई कष्ट घेतले बाई. माझंच डोस्कं मेंढरातलं.” जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत.

मी आधी साहेबांवर चिडले. ज्यांना आघात कळत नाहीत ते परीक्षा कसली घेतात. मग मामांवर चिडले, इतकं पाठ करून घेतलं आणि ऐन वेळेला गडी गप्प. तिसऱ्या दिवशी ओसरी झाडताना फटीत अडकलेला एक ज्वारीचा दाणा निघाला आणि मी केरसुणी टाकून खालीच बसले. आडात होतं, पोहऱ्यातही येत होतं, मीच मध्ये हात घालून दोर तोडला होता. एका माणसाची वीस वर्षांची रोजी मी दोन महिन्यांत घालवली होती, आणि तीही फुकट शिकवून, उपकार केल्याच्या थाटात.

दिवाळीच्या सुट्टीत मी नवऱ्याला घेऊन अजिंठ्याला गेले. पर्यटकांचा हंगाम सुरू झाला होता. खाली बस उभ्या होत्या, बिल्लेवाले गाईड माणसं घेऊन आत जात होते. मामांचं विचारलं तर एकाने वर बोट दाखवलं. ते भावाची मेंढरं चारायला डोंगरावर गेले होते.

आम्ही वर चढलो. ते एका दगडावर बसले होते, खाली नदीच्या वळणाभोवती सगळी लेणी समोर दिसत होती. आम्हाला बघून गडबडीने उठले, उपरणं झटकून बसायला अंथरलं. नवरा मेंढरं बघायच्या निमित्ताने लांब गेला, त्याला कधीकधी कळतं.

मी जाताना वाक्यं जुळवून गेले होते, त्यातलं एकही आठवलं नाही. “मामा, माझं चुकलं,” एवढंच म्हणाले. मग राजकन्येचंही सांगितलं. लंडनच्या बाईचं बरोबर होतं, पुस्तकात तसंच आहे, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

ते रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते थोडं हसले. “मंग ती बाई बरोबरच हुती म्हना की.” मग काठीचं टोक खालच्या लेण्यांकडे केलं. “एक सांगू का बाई? आता तिचं तोंडच आठवंना. आदी कसं, शब्द म्हनला की ती उभी ऱ्हायची. निळी छत्री हुती तिची. आता शब्द येतो, बाई येत नाय. त्यो जर्मन म्हातारा बी येत नाय.”

मी पदर तोंडाला लावून रडले. मी सहसा रडत नाही, चिडते. त्यांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत पाठ करून एका मेंढराला उगाच हाका मारत राहिले.

निघताना मी त्यांना एवढंच म्हटलं, “पुढच्या वर्षी परीक्षेला बसा. आणि माझ्याकडे शिकायला येऊ नका.” ते म्हणाले, “शिकाया नाय, च्या प्यायला तरी येऊ का?” मला पुन्हा रडू आलं असतं, म्हणून मी भराभरा उतरायला लागले.

पुढच्या वर्षी ते परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आले, मेहुण्यांकडे मुक्कामाला जाण्याआधी. वर्षभरात वाळले होते. मी इंग्रजीचं नाव काढलं नाही. त्यांना ओसरीवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेले. आत्याबाई सूप घेऊन बसलेल्याच होत्या.

“व्हय भाऊ,” त्यांचा आवाज आला, “अख्खं वरीस तुमी दोगं त्या विंग्रजीपायी सुकून गेलात. त्यात हाय तरी काय एवढं? मला सांगा बरं.”

“मराठीत सांगतो की मावशी.”

“मराठी मला येती. तुमी उद्या सायबाला सांगनार, तसं सांगा.”

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी आतून म्हणणार होते की राहू द्या, त्यांना त्रास देऊ नका. पण त्यांनी सुरुवात केली होती. पहिली दोन वाक्यं अडखळत आली, एकेक शब्द सुटा सुटा. त्यांची नजर जमिनीवर होती.

“वर बगा की,” आत्याबाई म्हणाल्या. “मी हितं हाय.”

त्यांनी वर पाहिलं. मग त्या चित्रातल्या राजकन्येचं सांगायला लागले. नवरा भिक्खू झालाय, राज्य सोडून गेलाय. नोकर त्याचा मुकुट हातात घेऊन दारात परत आलाय. तिने मुकुट बघितला आणि तिला कळलं. तिची मान कलली, हात सुटला, मागून एका दासीने तिला धरलंय. हे सगळं इंग्रजीतच, व्याकरणाची तीच दाणादाण, आणि दोन्ही हात हवेत. मी सांडशी घेऊन दारात उभी होते. दोन-तीन वर्षं मला कोणाचा एक शब्दही तोलल्याशिवाय ऐकता येत नव्हता. त्या दिवशी आघात कुठे कुठे पडले, ते मला आजही सांगता येणार नाही.

ते थांबले. आत्याबाईंचा हात सुपात तसाच राहिला होता.

“मंग ती वाचली का नाय?” त्यांनी विचारलं.

“नाय मावशी. गेली.”

आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले. “लई तरणी दिसत हुती,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. मी उघडलं, मामा होते. मला नमस्कार करून ते सरळ आत गेले आणि खिशातला नवा बिल्ला काढून त्यांनी आधी आत्याबाईंच्या हातावर ठेवला.